गालावरचं निशाण
जुन्या फोटोचा कुबट वास आला की बहादरपूरची ती आई आठवते. बऱ्हाणपुरातल्या वाचनालयासाठी मी जुने फोटो स्कॅन करून एका फुकटच्या, खुल्या सॉफ्टवेअरवर साफ करायचो. वारलेल्या मुलीचा तिच्याकडे एकच फोटो होता, काचेला चिकटलेला. काचेसकट स्कॅन केला, पण नंतर सोडवताना तो फाटला, चेहऱ्याचा भाग तर निघूनच गेला. मी बुरशीचे डाग एकेक करून पुसले आणि त्याच फाईलवर सेव्ह केलं. प्रिंट बघून ती म्हणाली, “सर, चेहरा एकदम साफ झाला. पण गालावरचा तो डाग नव्हता, जन्माचं निशाण होतं तिचं.” मूळ स्कॅन उरला नव्हता, म्हणून मी अंदाजाने ते पुन्हा रंगवलं. “थोडं खाली,” ती म्हणाली. मी खाली घेतलं, मग वर, परत खाली. शेवटी तिने डोळे पुसले. “राहू द्या सर, आता मलाच बराबर आठवत नाही.” आज मी प्रत्येक फोटोची मूळ प्रत आधी वेगळी ठेवतो.