उन्हाशिवाय वाळलेल्या कुरोड्या

फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो. मार्चचा पहिला आठवडा, सकाळचे साडेअकरा, आणि जबलपूरचं ऊन आतापासूनच डोळ्यांवर येऊ लागलेलं. शिरीषचं नाव दिसलं म्हणून वाटलं, ताईच असणार. ती त्याच्याच फोनवरून बोलायची आणि 'हॅलो' म्हणायच्या आधी प्रश्न विचारायची. पण पलीकडे शिरीषच होता. "मामा, आई गई," एवढंच म्हणाला. तिकडे नॉर्वेत सकाळचे सात वाजले होते. तो चहा घेऊन गेला तेव्हा ती खिडकीजवळच्या खुर्चीत होती, तोंड बाहेरच्या बाजूला... मी विचारलं, "बाहेर काय पाहत होती?" अशा वेळी कोणी असा प्रश्न विचारतं का? पण तोंडून तोच गेला. शिरीष म्हणाला, "कुरोडी. बाहर सूख रही है।"

ती जाऊन आज नऊ आठवडे झाले. मालती, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, माझी एकुलती एक बहीण. शिरीष तिचा एकुलता एक मुलगा. बातमी आल्यावर इथल्या आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांनी एक छोटी शोकसभा घेतली. ताईच्या हातच्या कुरोड्यांची, म्हणजे कुरडयांची, आठवण निघाली, तिच्या हसण्याची निघाली, आणि मग एक वहिनी म्हणाल्या, "सत्तरी उलटलेल्या बाईला पोरानं नेऊन बर्फात टाकलं. इथं सख्खा भाऊ होता, त्याच्याजवळ ठेवायला काय झालं होतं?" सगळ्यांनी माझ्याकडे कणवेनं पाहिलं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, भाऊ दुःखात आहे. मी दुःखात होतोच, पण मान खाली गेली ती दुसऱ्याच कारणानं. ते कारण सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आमचे बाबा वर्ध्याकडचे, नोकरीसाठी जबलपूरला आलेले. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होतं. मग राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. घरात मोठ्या माणसांची त्यावर बरीच चर्चा चालायची. आठ वर्षांच्या ताईला त्यातलं एकच कळलं, की कुठेतरी एक रेघ ओढली आहे. "बाबा, रेघ कुठं ओढली? चुन्यानं ओढली का रंगानं?" बाबांनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी एका रविवारी मला सायकलच्या दांडीवर आणि तिला मागे कॅरियरवर बसवून ते आम्हाला तिलवाऱ्याला घेऊन गेले. नर्मदेच्या काठी उभं राहून पलीकडे बोट दाखवत म्हणाले, "हा नागपूरचा रस्ता. रेघ लई दूर आहे, शिवनीच्याही पुढं." ताईनं बराच वेळ पलीकडे पाहिलं आणि विचारलं, "मग तिथल्या झाडांना कोणी सांगितलं?" बाबा हसत सुटले. मला मात्र घरी जाऊन जेवायचं होतं. आम्हा दोघांतला फरक तेव्हापासूनचा. तिला प्रश्न पडायचे आणि मला ते कधी संपतील असं व्हायचं.

लग्न झाल्यावरही ती जबलपुरातच राहिली. भाऊजी रेल्वेत होते. त्यांच्या भाड्याच्या घराला एक मोठी गच्ची होती आणि उन्हाळ्यात ती गच्ची ताईची असे. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटून त्याचा चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत पितळी सोऱ्यातून कुरोड्या घालायच्या. मी कारखान्यातून सायकलवर परतताना तिथे थांबायचो, ओल्या चिकाची वाटी खायचो. निघताना ती माझ्या शर्टाच्या खिशात कांदा टाकायची, लू म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा लागू नये म्हणून. तेव्हाही तिचं चालूच. "काहून रे बाळू, ढगाळ दिवशी वाळलेली कुरोडी फुलत नाही, ते काहून? ऊन तिच्या आत राहते का?" मी म्हणायचो, "ताई, तू खाऊ दे ना." भाऊजी आतून ओरडायचे, "बाळासाहेब, उत्तर देऊन टाका, नाही तर तीच प्रश्नपत्रिका मला येते!"

आता मुख्य गोष्ट. भाऊजी गेले, पुढे घरमालकाला घर पाडून नवं बांधायचं होतं, आणि ताईला घर सोडणं भाग झालं. शिरीष तेव्हा नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, एका छोट्या बंदराच्या गावी, जहाजांच्या इंजिनांचं काम करत होता. त्याचा मला फोन आला. त्याला मराठी सगळं समजतं, पण बोलताना हिंदीत जातो. म्हणाला, "मामा, आई का मन जबलपुर में ही है। आपका ऊपर का कमरा खाली है ना? आई आपके पास रह ले तो मैं निश्चिंत।" वरची खोली रिकामीच होती. माझी बायको जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी बंगळूरला. मला शांततेची सवय लागली होती, खरं सांगायचं तर चटक लागली होती. सकाळी पेपर, दुपारी झोप, कोणी काही विचारत नाही... ताई वर राहायला आली की जिन्यावरून दिवसातून वीस वेळा 'काहून रे बाळू' ऐकू येणार, आणि पुढे आजारपणं, दवाखाने. मी शिरीषला म्हणालो, "अरे, तिला तुझ्याचकडे यायचं आहे. सांगायला लाजते." आणि दुसऱ्या दिवशी ताईकडे जाऊन म्हणालो, "शिरीष ऐकायला तयार नाही. तू आली नाहीस तर नोकरी सोडून परत येतो म्हणतो." दोघंही एकमेकांचं मन मोडू नये म्हणून याविषयी उघड बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्याच भरवशावर मी खोटं बोललो.

ताई त्या दिवशी गच्चीच्या कठड्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "चलो. पाहू तर, तिकडचा सूर्य कसा असते."

सूर्य तिला लवकर दिसलाच नाही. ती ऑक्टोबरात पोचली आणि नोव्हेंबर संपता संपता तो उगवायचा बंद झाला. मला वाटलं होतं, ती रडेल, परत आण म्हणेल. मी त्या फोनची भीती बाळगून होतो. फोन आला तो असा: "बाळू, काल धुतलेलं पोलकं बाहेर टाकलं तर पापडासारखं कडक झालं! उभं राहते ते, आपल्या आपण! आणि मग काहून कोणास ठाऊक, तसंच्या तसं वाळलं. पाणी गळलंच नाही. मग ते गेलं कुठं?" मला काय माहीत पाणी कुठे गेलं. कधी सांगायची, दुपारी बारा वाजता डोंगरामागे नुसती केशरी कड दिसते, की गावातली माणसं त्या वेळी हातातली कामं टाकून तिकडे पाहत बसतात. शेजारी इंगर नावाची एक म्हातारी राहायची, एका मच्छीमाराची विधवा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तिनं एकदा ताईच्या ओव्हरकोटाच्या खिशातून कांदा काढला आणि हसून हसून खाली बसली. "आता तिला लू काय ते कसं समजावू?" ताई म्हणाली. "मी शेगडीजवळ नेली तिला, तोंडावर गरम वाफ घेतली, आन् मेल्यासारखं पडून दाखवलं. ती घाबरून शिरीषला फोन लावून राहिली!"

फेब्रुवारीत इंगर तिला समुद्राकाठी घेऊन गेली. तिथे लाकडी दांड्यांचे मोठमोठे मांडव होते आणि त्यांच्यावर जोड्याजोड्यांनी बांधलेले हजारो मासे उघड्यावर टांगलेले. जन्मात अंड्याला हात न लावलेली आमची ताई नाकाला पदर लावून त्या मांडवाखाली उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की हे तर वाळवण आहे. ऊन नावालाही नाही, मीठ नाही, आणि तरी वाळतं आहे. त्या रात्री तिला झोप आली नसणार. तिकडची पहाट होताच फोन आला, "बाळू, माझा सोऱ्या पाठव!" सोऱ्या तिनं माझ्याकडे ठेवला होता, सूर्य नसलेल्या गावात त्याचं काय काम म्हणून. मी तो पाठवला. तिनं गहू मिळवला, चीक काढला, आणि इंगरच्या अंगणात चाळणीसारख्या जाळीवर कुरोड्या घातल्या. पहिल्या दिवशी त्यांचे दगड झाले. इंगरनं खुणेनं सांगितलं, थांब. तीन आठवड्यांनी ताई व्हिडिओवर कढईसमोर उभी होती. "पाह्य, पाह्य, फुलली! आपल्यापेक्षा पांढरी!" तिच्या मागे इंगर टाळ्या वाजवत होती. असं का होतं ते ताई मला समजावू लागली, कोणाकोणाला विचारून तिनं ते शोधून काढलं होतं. माझ्यासमोर टीव्हीवर क्रिकेटचा सामना चालू होता, आवाज बारीक केलेला.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एकदा तिनं मधेच विचारलं, "बाळू, तू शिरीषला सांगितलं होतं काय, की मलाच यायचं होतं?" आवाजात राग नव्हता. ती पाण्याविषयी विचारायची तशीच विचारत होती, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. मी म्हणालो, "हॅलो... हॅलो... आवाज येत नाही, ताई," आणि फोन ठेवून दिला. चार दिवस तिच्या पुढच्या फोनची वाट पाहत मनात उत्तरं जुळवली. फोन आला तेव्हा तिनं विचारलं, भेडाघाटला पाणी किती आहे. त्यानंतर ती तीन वर्षं जगली. तो प्रश्न तिनं पुन्हा काढला नाही. जिनं जन्मात एक प्रश्न अर्धा सोडला नाही, तिनं हा माझ्यासाठी सोडला.

एप्रिलच्या शेवटी शिरीष अस्थी घेऊन आला. वरच्याच खोलीत उतरला. आम्ही तिलवाऱ्याला गेलो. मी त्याला रेघेची गोष्ट सांगितली, तर तो पाण्यात उभा राहून हसला आणि मग रडला. संध्याकाळी गच्चीवर, फरशी अजून चटके देत असताना, मी त्याला सगळं सांगितलं. कोणाला काय म्हणालो, कोणत्या शब्दांत. खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटी वाजत होती. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यभर माझ्याशी हिंदीत बोललेला तो पोरगा म्हणाला, "काहून, मामा?"

या वेळी आवाज येत नाही म्हणायची सोय नव्हती. मी सांगितलं. शांतता हवी होती, म्हणालो. तिच्या प्रश्नांचा कंटाळा यायचा. माझं बोलणं संपलं तरी तो कठड्याला टेकून उभा होता. माफ केलं म्हणाला नाही, मीही माफी मागितली नाही. सकाळी निघताना एक स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. मी विचारलं, "हे सगळं पेपरात लिहू का? लोक तुला नावं ठेवतात." रिक्षात बसता बसता म्हणाला, "लिखिए। पर पूरा लिखिए, मामा।" तर, वहिनी, आणि त्या दिवशी सभेला असलेले सगळे, शिरीषनं तिला ओढून नेलं नाही. मी पाठवली.

डब्यात शेवटच्या कुरोड्या आहेत. ती गेली त्या सकाळी त्या जाळीवर होत्या, निम्म्या ओल्या. पुढचे पंधरा दिवस इंगरनं त्या राखल्या, उलटवल्या, पक्ष्यांपासून जपल्या आणि वाळल्यावर शिरीषच्या हाती दिल्या. डबा मी वरच्या खोलीत ठेवला आहे. रोज सकाळी जिना चढून जातो, खिडकी उघडतो, एक कुरोडी काढून उजेडात धरतो. पांढरीशुभ्र, हातात घेतली तर वजनच नाही. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि ही त्याच्याशिवाय वाळलेली. असं कसं होतं, पाणी जातं कुठे, हे तिनं मला दोनदा नीट समजावून सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी नुसतं 'हो, हो' म्हणत होतो.