अनाएलीची चोरलेली नजर

माचामेच्या डोंगरउतारावर, आमच्या गावात, वर्षभर कुजबुज होती, की इस्पितळात अनाएलीची नजर काढून तिच्या नणंदेच्या डोळ्यांत घातली. हसू नका. दोघी एकाच गाडीतून शहरात गेल्या. नणंद, न्देशी तिचं नाव, परतली ती शेजाऱ्यांच्या परसातले केळीचे घड मोजत. अनाएली गेली तशीच परतली, भिंत चाचपत.

केळ्यांची दारू गाळावी तर अनाएलीनेच. पण दोन वर्षं तिला नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढंच दिसे. बाजूने जाणाऱ्याला ओळख देत नाही म्हणून गावाने तिला शिष्ट ठरवलं. तिनेही ते चालू दिलं; आंधळीच्या हातची कोण पिणार?

डॉक्टरीणबाई किनाऱ्याकडच्या, स्वाहिली बोलणाऱ्या. अनाएलीची स्वाहिली बाजारापुरती, म्हणून बोलणं न्देशीमार्फत. बाई म्हणाल्या, थेंब जन्मभर घालावे लागतील, आणि दुकानात ते आज असतात, उद्या नसतात. त्यापेक्षा डोळ्यातलं पाणी निघून जायला वाट करून देऊ. मात्र गेलेलं परत येणार नाही, हे तिला नीट सांगा.

अनाएलीने तर घरूनच बजावलेलं, सगळं दिसणार असेल तरच सुरी लावून घेईन. न्देशी तिच्या कानाशी वाकली. "वहिनी, पोरीच्या लग्नात कडेला बसलेले पाहुणेसुद्धा ओळखशील."

सांगितलंत ना, बाईंनी विचारलं.

"शब्दन् शब्द," न्देशी म्हणाली. अनाएलीने अंगठा उमटवला.

पट्टी सुटली, नळी तीच. तिने महिनाभर वाट पाहिली. पुढच्या तपासणीला आमच्याच डोंगरातली एक नर्स भेटली. तिने आमच्या चग्गा बोलीत, सहज सांगून टाकलं, की गेलेलं परत येत नाही, हे तर तुमच्या नणंदेला आधीच सांगितलं होतं.

तेव्हापासून अनाएली न्देशीशी बोलली नाही. चोरीची गोष्ट कोणी काढली, की ही एवढंच म्हणे, तिचे डोळे बघा, माझे बघा. झालं, कुजबुजीला पाय फुटले.

शेवटी न्देशी इसालेचं पान घेऊन दारात आली. गाठ मारलेलं ते पान पुढे धरलं, की आमच्यात क्षमा नाकारता येत नाही, खून झाला असला तरी. न्देशी हुशार; बरोबर समोर उभी राहिली.

"खरं सांगितलं असतं तर तू सुरीखाली गेली असतीस, वहिनी?"

"नसते गेले."

"मग उरलंसुरलंही गेलं असतं."

"गेलं असतं. डोळे माझे होते. मला विचारायचं होतंस."

न्देशीने पान आणखी पुढे केलं. अनाएलीने हनुवटी अंगठाभर वळवली. तेवढ्याने पान नळीबाहेर गेलं.

"कसलं पान? मला काही दिसत नाही, ताई."

न्देशीने हात मागे घेतला. मग गेली.

नजर कोणी कोणाची काढली नव्हती. न्देशीला मोतीबिंदू होता, अनाएलीला काचबिंदू. मोतीबिंदू काढला की दिसतं. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही, शस्त्रक्रियेने उरलेलं टिकतं. अनाएलीचं टिकलं.