दिगंबरने मागितलेलं पाचट

दिगंबर गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी मोटर चालू करायला निघालो होतो. "तुमचे मित्र गेले हो..." एवढंच बोलल्या. तसाच दौंडला गेलो. त्याला आता महिना होत आला. त्याच्याबद्दल चार शब्द लिहा, असं सगळे म्हणतात. मला मात्र एकच गोष्ट लिहायची आहे, आणि ती माझ्या मोठेपणाची नाही.

दिगंबर दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढला, आमच्याकडच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून लागला आणि तिथेच त्याचे केस पांढरे झाले. मुलगी मीनल जर्मनीला गेली आणि त्याने विमानाचा ध्यासच घेतला. पोरगी येणार म्हटलं की हरखायचा आणि लगेच विमान किती तेल जाळतं ते सांगत बसायचा. "अरे, तिला येऊ नको म्हणू का मी? त्यापेक्षा तेलच बदलू." उसाच्या पाचटापासून, म्हणजे तोडणीनंतर रानात उरणाऱ्या वाळल्या पाल्यापासून, इथेनॉल आणि इथेनॉलपासून विमानाचं इंधन करता येतं, हे त्याने वजनकाट्याजवळच्या टपरीवर इतक्यांदा सांगितलं की आम्ही त्याला 'पायलट' म्हणायला लागलो. "पायलट, आमचं इमान कवा उडवताय?" असं विचारण्यात मीच पुढे. तो हसायचा. रागावणं त्याला जमतच नसे...

निवृत्तीच्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेचे लोक चाचणीसाठी पाचट न्यायला तयार झाले. इतक्या वर्षांच्या खटपटीला आलेलं ते पहिलं फळ. माझा ऊस नुकताच तुटून गेला होता. घोड नदीच्या काठच्या तीन एकरांतलं वाळलेलं पाचट त्याने माझ्याकडे मागितलं. "आठ दिवस काडी लावू नकोस. एवढंच कर."

"आरं, तुझं इमान हाय त्यात. कोण लावतंय काडी?" मी म्हणालो.

पाचव्या दिवशी कालव्याला पाणी सुटलं. पहिली पाळी माझी. रानात पाचट असलं की पाणी पुढे सरकत नाही, तुटल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारा खोडवा मागे पडतो, हे आमचं बापजाद्यांपासूनचं शहाणपण. शेजारचे भिवाआबा बांधावरून म्हणाले, "पाव्हणं यायचं तवा येतील. पाणी थांबतंय व्हय?" मी काडी लावली. दिगंबरला साधा फोनही केला नाही. माझं बघून आजूबाजूच्यांनीही पेटवलं. आग बांध ओलांडून येण्यापेक्षा आपल्या हाताने लावलेली बरी, अशी आमच्याकडची रीत.

तीन दिवसांनी संस्थेची जीप आली, तर सगळं रान काळं. पाहुण्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातून पाचट नेलं आणि दिगंबर त्या कामातून बाजूला पडला. बुटाने राख उकरत तो म्हणाला, "पाण्याची पाळी चुकवून तरी कसं चालेल तुला..." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्याने माझ्यापुढे विमानाचा विषय काढला नाही. मागू की माफी, कुठं पळून चाललाय, असं म्हणत मी वर्षं घालवली.

दहाव्याला मीनल त्याच्या खोलीत बसली होती. टेबलावर वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा गठ्ठा, सगळी विमानाच्या इंधनाची. वरचं कात्रण तो गेला त्याच आठवड्यातलं. म्हणजे ध्यास सुटला नव्हता, फक्त मला सांगणं सोडलं होतं. मीनल म्हणाली, "काका, तुम्ही तेव्हा पाचट राखून ठेवलं होतंत ना? बाबा नेहमी सांगायचे. अवकाळी पावसाने भिजलं म्हणून राहिलं, नाहीतर काकाने शब्द पाळला होता, म्हणायचे."

मी "व्हय" म्हणालो आणि चप्पल घालून बाहेर पडलो.

मीनल, हे तू तिकडे वाचशील. त्या आठवड्यात पाऊस पडला नव्हता.