घोटीचा स्टॉपर कोणी दिला

नाशिकरोडच्या आमच्या फुटबॉल क्लबचा मी वीसेक वर्षं चिटणीस होतो. मैदानाच्या भिंतीवर बसून सामने बघणारी जुनी मंडळी अजूनही आमच्या प्रशिक्षकांना शिव्या देतात. सर गेल्या वर्षी वारले, तरी देतात. त्या शिव्या माझ्या वाट्याच्या आहेत.

आमच्याकडे घोटीचा एक स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, होता. गोलसमोर पाय रोवून उभा राहायचा. भातशेतीतला गडी, चिखलाची त्याला सवय. भिंतीवरचे लोक त्याला 'बांध' म्हणत.

पावसाळ्यात आमच्याकडे सात-सात जणांच्या स्पर्धा होतात. मैदान लहान, गोल लहान, दहा मिनिटांचा डाव. अशाच एका स्पर्धेत बाहेरगावच्या क्लबचे दोन फॉरवर्ड मी पाहिले आणि खुळावलो. त्यांच्या क्लबला स्टॉपर हवा होता. कमिटीच्या बैठकीत मी अदलाबदलीचा विषय काढला. विरोध एकट्या सरांनी केला.

"दहा मिनिटं कुणीही पळतं," ते म्हणाले. "मोठ्या मैदानावर एकदा बघा. तोवर स्टॉपरचं ना-हरकत पत्र देऊ नका."

त्यासाठी पाऊस संपून मोठं मैदान सुकेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत थांबावं लागलं असतं. अध्यक्षांना गोलांची घाई होती आणि मला अध्यक्षांच्या शाबासकीची. पत्रावर सही करून मी मोकळा झालो.

लीग सुरू झाली. विसाव्या मिनिटाला दोघेही कमरेवर हात ठेवून उभे. मागे बांध नव्हता, त्यामुळे येईल तो संघ सरळ आत शिरत होता. ओळीने चौथा सामना हरलो, तेव्हा सायखेड्याहून भाजीचा टेम्पो घेऊन येणारा एक जुना प्रेक्षक गेटवर मला आडवा आला.

"बोहारीन बी जुन्या लुगड्यावर नवं पातेलं देती, काका. तुम्ही पातेलं देऊन लुगडी आनली. ती बी फाटकी."

सगळे हसले. मग त्याने विचारलं, ही अक्कल कोणाची?

"सरांनाच हवे होते ते," मी म्हणालो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. अदलाबदलीच्या त्या बैठकीचं इतिवृत्त अजून वहीत उतरवायचं होतं. त्यात मी लिहिलं, 'प्रशिक्षकांच्या शिफारशीनुसार अदलाबदल मंजूर.' पुढच्या बैठकीत ते भरभर वाचून दाखवलं. चहा येत होता, सगळ्यांनी माना हलवल्या. सर त्या दिवशी आले नव्हते.

पुढच्या सामन्यांना भिंतीवरून सरांच्या नावाने ओरडा सुरू झाला. महिन्याभराने ते ऑफिसात आले, माझ्या टेबलावर शिट्टी ठेवली आणि म्हणाले, "इतिवृत्त वाचलं. अक्षर छान आहे तुमचं." पुन्हा मैदानावर आले नाहीत. मीही त्यांच्या घरी गेलो नाही. त्यांच्या अंत्ययात्रेलाही नाही.

गेल्या महिन्यात तोच टेम्पोवाला भिंतीवर माझ्या शेजारी बसला होता. आमच्यावर गोल झाला आणि त्याने सरांवर तोंड सोडलं. मी त्याला सांगितलं, सर विरोधात होते, स्टॉपर मी दिला, वहीत खोटंही मीच लिहिलं.

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू द्या काका. गेलेल्या मानसावर पांघरून घालता. लय मोठं मन तुमचं."

शेजारच्या दोघांनीही माना डोलावल्या. एकाने माझ्यासाठी चहा मागवला आणि तो मी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी क्लबात जाऊन आताच्या चिटणीसाकडे जुनी वही मागितली. ती ओळ खोडून खरं ते लिहायचं होतं. त्याने वही दिली, पण पेन दिलं नाही. मंजूर झालेल्या इतिवृत्तात फेरफार करता येत नाही, म्हणाला. पहिल्या पानावर चिकटवलेले नियमही दाखवले. सातवा नियम तोच होता. खाली माझी सही.