समोरच्याचा डावा

आमच्या ह्यांचा दादरला छोटा फोटो स्टुडिओ. मोबाइलनं धंद्याची वाट लावली तेव्हा ह्यांनी हौसेनं ड्रोन घेतला. बिल्डरांना बांधकामाचं वरून शूटिंग लागतं, आता त्यातच काम आहे म्हणाले. पण लायसन्स काढायच्या आधीच कंपवातानं उजवा हात धरला. डॉक्टर फिटनेसचा दाखला देईनात. ड्रोन कपाटावर गेला आणि हात खिशात. घरातसुद्धा तो बाहेर येईना, चहाही डाव्या हातानं. मला ते बघवत नसे.

"लायसन्स मी काढते," एक दिवस मी म्हटलं.

"तुका टीव्हीचो रिमोट चालवूक येना नाय, गो!" चिडले किंवा हसले की हे मालवणीवर येतात. तेव्हा दोन्ही होतं.

मी परळच्या शाळेत पीटीची बाई. मे महिन्याच्या सुट्टीत प्रशिक्षणाला गेले. मुंबईचं बहुतेक आकाश नकाशात लाल, परवानगीशिवाय उडवायचं नाही, म्हणून मैदान पनवेलच्या पुढे. वर्गातली पोरं मला आधी कुणाची तरी आई समजली, सोडायला आलेली.

पहिल्यांदा अंगठा जरासा पुढे सरकवला आणि ड्रोन उठला. अंगठा सोडला तर तिथंच थांबला. वारा चांगला होता, तरी जागचा हलेना. वरून टांगलेला नाही, खालून धरलेला नाही, आणि माझ्या अंगठ्याचं ऐकतोय! "अगं बाई!" मी मोठ्यानं ओरडले. पोरं हसली. हसू देत.

घोडं अडलं ते आठच्या आकड्यावर. परीक्षेत हवेत इंग्रजी आठ काढायचा होता. लांब जाईपर्यंत ठीक, पण परतताना ड्रोनचं तोंड माझ्याकडे व्हायचं आणि सगळं उलटं. त्याची डावी बाजू माझ्या उजवीकडे. मी चुकायचे आणि ड्रोन कुंपणाकडे पळायचा. शिकवणारा वैतागून म्हणाला, "मॅडम, त्याचं तोंड तुमच्याकडे आहे!" जसं काही मला दिसत नव्हतं. आता घरी जाऊन ह्यांना काय सांगू?

झाडाखाली पाणी पिताना डोक्यात लख्ख उजेड पडला. मी लेझीम शिकवते ती मुलांकडे तोंड करूनच की! तोंडानं "डावा!" म्हणते आणि स्वतः उजवा पाय टाकते. इतक्या वर्षांत कधी चुकले नाही. मग हा समोर उभा राहणारा वेगळा कोण लागून गेला?

पुढच्या खेपेला ड्रोन माझ्याकडे वळला तसं मनात म्हटलं, डावा! अंगठा डावीकडे गेला आणि तो सरळ माझ्या उजव्या अंगाला सरकला, चौथीच्या वर्गासारखा. शाळेच्या ग्राउंडवर घामाघूम होऊन शिकवलेली लेझीम तिथं आकाशात चालली होती. परीक्षा त्यातच पास झाले.

पहिलं काम नायगावला मिळालं. जुन्या चाळी पाडून टॉवर चढत होते. परवानग्या बिल्डरनं आणल्या होत्या. पायलटचे डोळे स्क्रीनवर असतात, म्हणून ड्रोनवर नजर ठेवायला दुसरं माणूस लागतं. त्यासाठी हे आले, हात खिशात घालून.

ड्रोन वर गेला. उरलेल्या चाळी काडेपेट्यांसारख्या ओळीत दिसल्या, त्यांच्यापलीकडे शिवडी आणि मग पाणीच पाणी, उन्हात चमकणारं. यातल्याच एका चाळीत माझा जन्म झाला. एवढं पाणी आमच्या इतकं जवळ होतं हे मला त्या दिवशी कळलं. मी बघतच राहिले.

भानावर येऊन मान वर केली तर ड्रोन दिसेना. डोळ्यांत ऊन येत होतं. "अहो, कुठं गेला?"

"थंय! थंय बघ गो, आपलो!"

आ वासून हे वर बघत होते. उजवा हात आकाशाकडे होता, भर लोकांत, थरथरत. खिशाची त्यांना आठवणही नव्हती. त्या बोटाच्या रोखानं मी पाहिलं आणि ठिपका सापडला.