एका पाहुण्याला परवानगी

माझा धाकटा भाऊ कॅनडात राहतो. तो शेवटचा घरी आला होता तेव्हा वडील होते. त्याला औंढ्याच्या बसस्टँडवर सोडून ते परत आले आणि दुपारभर ओट्यावर नुसते बसून राहिले. वडील गेले तेव्हा त्याला येणं जमलं नाही. पुढं त्याला मुलं झाली, त्यानं नोकरी बदलली, तिकडचं नागरिकत्व घेतलं. दर वर्षी म्हणायचा, या दिवाळीला येतो. दर वर्षी माय त्याची खोली झाडून-पुसून ठेवायची. दिवाळी सरली की त्या खोलीत पुन्हा हळदीची पोती जायची.

मी औंढ्यात शिलाईचं दुकान चालवते. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर पुढं दुकान, मागं घर. माय माझ्याकडंच असते. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी मशीनवर बसले असताना भावाचा फोन आला.

"अक्का, मी दिल्लीला येऊन राहिलो."

माझा पाय मशीनवरून आपोआप निघाला. "कवा?"

"येऊन राहिलो म्हंजे नुसतं उतरणार हाय. बाहेर येता येणार न्हाई."

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. कंपनी त्याला कामासाठी सिंगापूरला पाठवत होती. दिल्लीत विमान बदलायचं होतं आणि मधे बरेच तास तिथंच काढायचे होते. आता त्याचा पासपोर्ट कॅनडाचा. भारतात पाय ठेवायला व्हिसा हवा, आणि जुना पासपोर्ट जमा केल्याचा दाखला हातात आल्याशिवाय व्हिसा नाही. तो दाखला अजून आला नव्हता. विमान बदलायला व्हिसा लागत नाही, फक्त विमानतळाच्या बाहेर पडायचं नाही.

माय शेजारी बसून शेंगा फोडत होती. फोन मोठ्या आवाजावर होता, तिनं सगळं ऐकलं.

"आपल्या देशात उतरायचं अन् आपल्याच देशात यायचं न्हाई? काहून?"

"नियमच तसा हाय," म्हणून त्यानं फोन ठेवला. मी पुन्हा मशीन चालू केली.

मला वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला. म्हणाला, त्याच्या बँकेच्या कार्डावर दिल्लीच्या विमानतळावर लाउंजमध्ये बसता येतं. लाउंज म्हणजे आतलं बसायचं ठिकाण. सोफे असतात, जेवण असतं, आडवंही होता येतं. "संग एक गेस्ट नेता येतो," तो उगाच बोलल्यासारखं बोलला.

"गेस्ट म्हंजे कोन?" मायनं विचारलं.

"पाव्हणा."

"मंग मी येते की. मी पाव्हणी."

आम्ही दोघं हसलो. माय हसली नाही. "आपल्याच लेकाची पाव्हणी व्हायला मला तकलीफ न्हाई," ती म्हणाली. "तू नियम वाच."

त्यानं मोबाइलवर बघून नियम वाचून दाखवले. पाहुण्याकडंही त्याच दिवशीच्या परदेशी विमानाचा बोर्डिंग पास हवा. देशातल्या देशात जाणाऱ्याचा चालत नाही, त्यांची बाजूच वेगळी असते. विमान सुटायच्या तीन तास आधीपासूनच आत घेतात. पाहुण्यानं कार्डवाल्यासोबतच आत जायचं. दोन वर्षांखालचं लेकरू असेल तर त्याला पाहुणा धरत नाहीत.

"दोन वर्साचा व्हतास तवा माझ्या कडेवरून उतरत नव्हतास," माय म्हणाली. "तवा कुठं इमानं व्हती."

परदेशी विमानाचं तिकीट ऐकून मी मनातल्या मनात हा विषय मिटवून टाकला. आमच्याकडं पासपोर्ट नव्हता. काढायचा म्हटला तरी तोवर त्याचा दिवस निघून गेला असता. पण त्याच आठवड्यात हट्टा गावची एक बाई ब्लाउज शिवायला द्यायला आली. ती आदल्या वर्षी पशुपतीनाथाला जाऊन आली होती. माप देता देता सहज बोलून गेली, "मतदानाचं कार्ड दाखवलं की नेपाळात सोडतात बाई, पासपोर्ट-बिसपोर्ट काही लागत न्हाई. विमानानं गेलो आमी दिल्लीवरून."

तिचं माप मी दोनदा घेतलं, तरी चुकीचं घेतलं.

ती गेल्यावर भावाला फोन लावला. तिकडं पहाट होती. त्याला नेपाळचं सांगितलं. मग नुसता टकटक आवाज येत राहिला, काहीतरी शोधत असावा. "अक्का," तो म्हणाला, "त्या दिवशी दुपारी दिल्लीवरून काठमांडूचं विमान हाय. माझ्या विमानाच्या जरा आधी." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

गल्लीत सांगितलं की आम्ही पशुपतीनाथाला निघालोय. खोटं काहीच नव्हतं. कुणी देवाला वाहायला बेल दिला, कुणी नारळ. मायचं लक्ष मात्र सगळं चुलीकडं. तिनं दशम्या केल्या, धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि सगळं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलं. मी एक शर्ट शिवला. फिक्या निळ्या रंगाचा, बारीक रेघांचा. भावाचं माप मला विचारावं लागत नाही. कॉलेजात असल्यापासून त्याचे शर्ट मीच शिवत होते. तरी कापडावर खडू फिरवताना हात थांबला. एवढ्या वर्षांत माणूस किती बदलतो, ते कुणाला विचारणार? अंदाजानं छाती थोडी वाढवली.

परभणीहून दिल्लीची गाडी धरली. माय आयुष्यात नांदेडच्या पुढं गेली नव्हती, पण खिडकीबाहेर तिनं फारसं पाहिलंच नाही. ते फडकं मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, वर ठेवू का? तर म्हणाली, राहू दे.

विमानतळावर देशाबाहेर जाणाऱ्यांची तपासणी होते तिथं आमचा नंबर आला. साहेबानं आमची कार्डं पाहिली, बोर्डिंग पास पाहिले आणि हिंदीत विचारलं, कशासाठी चाललात?

"दर्शन," मी म्हणाले.

तेवढ्यात माय पुढं झुकली. "अंदर मेरा पोरगा भी हाय. उसको मिलनेका हाय."

मला वाटलं, आता हा शंभर प्रश्न विचारणार. साहेबानं मायकडं पाहिलं. तिचं लुगडं, काखेतलं फडकं, नाकातली नथ. "कहाँ जा रहा है बेटा?" त्यानं विचारलं. "वो तो आ रहा है," माय म्हणाली. त्यानं शिक्का मारला आणि पास परत दिले. त्याला काय कळलं ते मला माहीत नाही.

लाउंज वरच्या मजल्यावर होतं. दाराशी टेबल आणि टेबलामागं कोट घातलेली एक मुलगी. कार्डवाला आल्याशिवाय आत घेता येणार नाही, असं तिनं सांगितलं. ते आम्हाला ठाऊक होतं. आम्ही समोरच्या खुर्च्यांवर बसलो. लोक चाकाच्या बॅगा ओढत येत-जात होते. उंच, सावळा पुरुष दिसला की माय अर्धवट उठायची आणि परत बसायची.

तो आला तेव्हा मात्र ती उठली नाही. तिनं त्याला ओळखलंच नाही. डोक्यावरचे केस पार विरळ झाले होते, चष्मा लागला होता, अंगानं सुटला होता. मी ओळखलं ते त्याच्या चालण्यावरून. तो लहानपणापासून डावा खांदा जरा पुढं काढून चालतो. तो सरळ येऊन मायच्या पायांवर वाकला आणि तसाच राहिला. मायनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, फिरवला.

"केस कुठं गेले रे लेका?" ती म्हणाली आणि मग रडायला लागली.

तो माझ्याकडं वळला. आम्ही भाऊ-बहीण कधी गळ्यात पडलो नव्हतो. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि नुसता मान हलवत राहिला.

टेबलामागच्या मुलीनं त्याचं कार्ड मशीनला लावलं. एकच गेस्ट, ती म्हणाली. दुसऱ्याचे वेगळे पैसे भरतो, असं तो म्हणाला. ती म्हणाली, आता गर्दी आहे, पैसे भरून येणाऱ्यांना या वेळी घेत नाही. त्यानं पुन्हा सांगून पाहिलं, आवाज चढवून पाहिला. ती नम्रपणे तेच सांगत राहिली.

"तुमी जा," मी म्हणाले. "मायला जेवू घाल, जरा पडू दे. मी इथंच हाय."

ते आत गेले. दार काचेचं होतं, पण काच दुधी होती. कुणी आत-बाहेर केलं की दार सरकायचं आणि तेवढ्यापुरतं आतलं दिसायचं. एकदा दिसलं, माय सोफ्याच्या कडेला बसलेली, पाठ ताठ. पुढच्या वेळी तिच्यासमोर ताटली होती आणि भाऊ तिला काहीतरी दाखवत होता. मग बराच वेळ दार सरकलं नाही.

मी त्याच्याहून पुष्कळ मोठी. माय शेतात जायची तेव्हा त्याला मीच सांभाळायची. शिरड शहापूरच्या बाजाराला त्याला हाताला धरून न्यायची. गर्दीत हात सुटला की तो रडायचा नाही, जिथं असेल तिथं उभा राहायचा. मला ठाऊक असायचं, तो हलणार नाही. त्या खुर्चीवर बसून मला एवढंच वाटत होतं, की ते दार एकदा तरी जरा जास्त वेळ उघडं राहावं.

शेवटी माय एकटीच बाहेर आली.

"काय झालं?"

"आत लई गार हाय. अन् तू न्हाईस." ती माझ्या शेजारी बसली. "जा तू आता. मी माझी पाळी दिली तुला."

मी टेबलाशी जाऊन विचारलं. त्या मुलीनं सांगितलं, एकदा नोंदलेला पाहुणा बदलता येत नाही. माय पुन्हा आत जाऊ शकते, मी नाही. ते ऐकत असतानाच भाऊ बाहेर आला, पाठीवर बॅग, हातात पाण्याच्या दोन बाटल्या.

"चला," तो म्हणाला. "तिकडं खिडकीपाशी बसू."

मोठ्या काचेपाशी आम्ही तिघं एका रांगेत बसलो. मायनं फडकं सोडलं. धपाटे मऊ पडले होते. त्यानं पहिला घास चटणीसोबत खाल्ला आणि खाता खाता थांबला. मग पुन्हा खायला लागला. मायनं त्याला गावातलं सगळं सांगितलं. कुणाची विहीर आटली, कुणाच्या पोरीचं लग्न जमलं, यंदा हळद कशी आली. तो लेकरासारखा मधेमधे विचारत होता, "मंग? मंग पुढं?"

मी शर्ट काढून दिला. तो तसाच उठला, बाथरूममध्ये जाऊन घालून आला. छातीला मी वाढवला तेवढा पुरला, पण पोटावर बटणं ताणत होती. "बराबर हाय," तो म्हणाला. नव्हता बराबर. त्यानं तो काढलाही नाही.

मग हळूच म्हणाला, "अक्का, तिकडचं नागरिकत्व घेतलं ते चुकलं का माझं?"

"न्हाई," मी म्हणाले. "तुझी लेकरं तिकडं. चुकलं कसं म्हणायचं? पन आमाला लांब पडलं."

त्यानं मान डोलावली आणि बाहेर उभ्या असलेल्या विमानांकडं पाहत राहिला.

आमचं विमान आधी होतं. तो आमच्या विमानाच्या दारापर्यंत आला. आजवर त्याला सोडायला नेहमी आम्ही जात आलो होतो. तो पुढं जायचा, आम्ही मागं उभे राहायचो. या वेळी रांगेत आम्ही होतो आणि कठड्याच्या पलीकडं तो उभा. माय दर पावलाला मागं वळून बघत होती. पास तपासणाऱ्यानं तिला हळूच पुढं सरकवलं. वळणावरून मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो हात न हलवता तिथंच उभा होता, तंग निळ्या शर्टात.

"एकटाच राहिला गं तो तिथं," विमानात माय म्हणाली.

पशुपतीनाथाचं दर्शन नीट झालं. गल्लीतल्या सगळ्यांच्या नावानं बेल वाहिला. मायनं देवाकडं काय मागितलं ते मी विचारलं नाही. धर्मशाळेतल्या बायकांना मात्र ती सांगत होती, माझ्या लेकानं मला दिल्लीत सोफ्यावर बसवून जेवू घातलं.

आता त्याचा तो दाखला आला आहे. व्हिसाचा अर्ज केलाय म्हणतो. दिवाळी गेली, आता उन्हाळ्यात, मुलांच्या सुट्टीत येतो म्हणाला. मायनं त्यावर "बरं" म्हटलं, खोली मात्र अजून झाडलेली नाही. परवा रात्री जेवताना तिनं मला विचारलं, "नेपाळ सोडून आनखी कुठं कुठं आपले देव हायेत गं, बाहेरच्या देशात?"

मी म्हटलं, बघून सांगते. तिनं भाकरी मोडली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली, जणू मी तेव्हाच बघून सांगणार होते.