पुन्यांदा म्हणा, आजोबा

बोटानं सवताच्याच डोस्क्यावर डावीकडं टकटक करायची आन म्हणायची, "हितं बोलणं ऱ्हातंय म्हणत्यात. बघू तर की." दवाखान्यात बोलायला शिकवणारी बाई होती ती. विणकराच्या घरची. आईशी फोनवर तेलुगूत बोलायची, आमच्याशी आमच्यावानी.

आमचे मालक जलमभर मेंढरांमागं हिंडले. डोस्क्यातली शीर बंद झाली आन माळावरच पडले. मेंढरं दिराच्या हवाली केली, ह्यांना टेम्पोत घालून सोलापूरला आणलं. मोठ्या डाक्टरनं डोस्क्याचा फोटो बघून सांगितलं, बोलायची जागाच मेली, आशा धरू नका. रडून काय करायचं? मी रोज ह्यांच्या डोस्क्याला तेल चोळायला लागले, निसतं डावीकडं. ते अर्धं चकचकीत डोस्कं बघून बाई तोंडाला ओढणी लावून हसली.

"आज्जी, उजवीकडं बी लावा. तिकडनं काय निघंल सांगता येतंय व्हय?"

एकदा नर्सनं सुई टोचली आन मालकांनी शिवी हासडली. मला लाज वाटली. बाई पळत आली.

"स्पष्ट आली?"

"लई स्पष्ट."

"मग सगळंच मेलं न्हाय की. पर एकदा आलेलं धरायचं न्हाय. पुन्यांदा यायला पायजे."

नर्स म्हणली, "मग आता तुमी टोचा."

बाईनं मला इचारलं, ह्यांना तोंडपाठ काय हाय? म्हणलं, लग्नातला उखाणा आसंल. तवाच काय ते माझं नाव घेतलं, पुढं जलमभर 'अगं ए'. मी तिला उखाणा सांगितला.

"आजोबा, बायकोचं नाव काय?"

व्हट हलले, आवाज न्हाय. मालकांच्या डोळ्यात पाणी आलं. मग बाईनंच चालीवर सुरू केलं, "माळावर चरत्यात..."

"मेंढरं काळी," मालक म्हणले, "सखूचं नाव घेतो जेवणाच्या येळी."

मी डोस्क्यावर पदर घेतला. बाई तर पोरीवानी नाचली. लगीच परत निसतं नाव इचारलं, तर न्हाय आलं. उखाणा सुरू केला की आलं.

"बघा आज्जी, फोटोत दिसतंय तेवढं सोपं न्हाय हे. आजोबा, पुन्यांदा."

त्या दिवशी माझं नाव जेवढ्यांदा ऐकलं, तेवढं सगळ्या संसारात ऐकलं न्हाय.

आता बाई बदली होऊन लांब गेली. मालक अजून कपभर च्या मागायला हातच दावत्यात. मी तेल लावते, दोन्ही अंगाला. जेवायला वाढलं की ताट जरा माझ्याकडं वढते आन उखाणा सुरू करून देते. नाव आलं की बाईवानी म्हणते, "एकदा आलेलं धरायचं न्हाय. पुन्यांदा."

ते आदी शिवी हासडत्यात. मग नाव घेत्यात.